सोळा रिकाम्या जागा

१

खुर्रर्र.

पिठाच्या डब्यावर उपडा ठेवलेला फोन थरथरला, आणि त्याच्या संगतीनं स्टीलचं झाकणही. बबडीला झोपवण्यात अर्धी दुपार गेली होती. तिच्या आईनं झेप घालून फोन पकडला, झाकणावर पंजा दाबून धरला आणि श्वास रोखून पलंगाकडे पाहिलं. बबडीनं कूस बदलली, बाहुलीचा पाय तोंडात घातला आणि पुन्हा गाढ झोपली.

फोनवर मालकांचं नाव होतं. चार वर्षांनी.

"भिंग, बोलू शकतेस का?"

ऑफिसात तिला सगळे भिंग म्हणायचे. प्रोग्राममधली चूक कितीही बारीक असो, ही हुडकून काढणारच, म्हणून पडलेलं नाव. बबडी झाल्यापासून त्या नावानं कोणी हाक मारली नव्हती. आता ती नुसती बबडीची आई होती, आणि हुडकायची ती मोज्यांची हरवलेली जोडी.

"हळू बोलते, साहेब. मुलगी झोपलीय."

"मग मीच बोलतो. तू ऐक. आपले दोन नवे काटे प्रसूतिगृहात दिले होते. त्यातल्या एकावर एका बाळाचं वजन घटलेलं दिसलं. त्याच्या आईला म्हणे सांगितलं, तुझं दूध पुरत नाही. दोन दिवस ती बाई नुसती रडतेय. शेवटी तिथल्या सिस्टरला शंका आली, तिनं जुन्या काट्यावर बाळ ठेवलं. बाळ ठणठणीत! घटलंबिटलं काही नव्हतं. काटाच खोटं बोलत होता."

भिंग ओट्याला टेकली. बबडी महिन्याची असताना तिचं वजन दोन दिवस वाढलं नव्हतं, तेव्हा आपण न्हाणीघरात नळ सोडून किती रडलो होतो, ते तिला आठवलं.

"आणि कारण?"

"मास्तर," मालक म्हणाले. "त्यांनी सगळ्या फायलींवर इस्त्री फिरवली आणि त्यात एक ओळ जागची हलली. मी फोटो पाठवतो, तूच बघ. मास्तर उद्या काम सोडताहेत. मला वाटतं तू ये, त्यांच्या जागी. आल्याआल्या ती इस्त्री तेवढी उलटी करून टाक."

त्यांच्या जागी. चार वर्षं ती ज्या फोनची वाट पाहत होती तो आला होता, आणि असा आला होता.

"मास्तर काय म्हणतात?" तिनं विचारलं.

"काय म्हणणार? मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, चूक माझी."

२

मास्तर म्हणजे तिचे गुरू. कॉलेजातून कोरी करकरीत पाटी घेऊन ती कंपनीत आली, तेव्हा तिला सी भाषेत नीटनेटकं लिहायला मास्तरांनी शिकवलं. प्रोग्रामच्या ओळी पायरीपायरीनं आत सरकवून लिहायच्या असतात. कोणती ओळ कोणाच्या पोटात आहे ते त्यावरून माणसाला कळतं. यंत्राला त्याचं सोयरसुतक नसतं. रिकामी जागा त्याच्या लेखी नसतेच. दहा जणांनी हात लावला की या पायऱ्या वाकड्यातिकड्या होतात, म्हणून एक छोटं साधन असतं. काळ्या खिडकीत त्याचं नाव टाइप करायचं, पुढे फाईलचं नाव लिहायचं आणि एंटर मारायचं. सगळ्या ओळी आपापल्या खऱ्या पायरीवर जाऊन बसतात. त्याचं खरं नाव इंडेंट. ऑफिसात सगळे त्याला इस्त्री म्हणत. कपडा तोच राहतो, फक्त सुरकुत्या जातात.

मालकांचे दोन फोटो आले. चाचणीखोलीतल्या स्क्रीनचे होते, फोनवर काढलेले. पहिला इस्त्रीच्या आधीच्या प्रतीचा. इस्त्री फिरवताना ते साधन जुनी प्रत शेजारी ठेवून देतं, त्यामुळे ती शाबूत होती. त्यातला कारभार साध्या बोलीत सांगायचा तर असा:

जर दुपटं असेल तर
        पीप वाजव
        दुपट्याचं वजन वजा कर

आणि इस्त्रीनंतर:

जर दुपटं असेल तर
        पीप वाजव
दुपट्याचं वजन वजा कर

बाळ दुपट्यात गुंडाळायचं असेल तर नर्सनं आधी नुसतं दुपटं ठेवून बटण दाबायचं, काटा दुपट्याचं वजन वजा करणार. उघडं बाळ ठेवलं तर वजा काही करायचं नाही. आता मात्र काटा सरसकट वजा करत होता. दुपटं नसलेल्या बाळाच्या वजनातूनसुद्धा, आणि तेही आधीच्या बाळाच्या दुपट्याचं.

भिंगनं फोटो पाहिला मात्र, तिच्या ओठांवर चार वर्षांपूर्वीचं हसू आलं. इस्त्रीनं ओळ हलवली नव्हती. ओळ आधीच बाहेर होती. इस्त्रीनं फक्त चुगली केली होती. सी भाषेत 'जर'च्या पोटात एकाहून जास्त ओळी घालायच्या, तर त्यांच्याभोवती महिरपी कंस लागतो. महिरप नसेल तर 'जर'ला एकच ओळ पोसता येते, लगेच पुढची. त्याखालच्या ओळी मोकळ्या, दिसायला कितीही आत सरकवल्या तरी. इथे महिरप नव्हती, म्हणून 'जर'च्या वाट्याला आली ती फक्त पीप.

तिनं मास्तरांना फोन लावला.

"बोल पोरी," मास्तर म्हणाले. मागे खोक्याला चिकटपट्टी लावल्याचा आवाज येत होता. "साहेबांनी तुला बोलावलं ना? मीच सुचवलं तुझं नाव."

"मास्तर, इस्त्रीनं काही झालेलं नाही. मी पाहिलं."

"ते मलाही माहीत आहे. आधी तिथे एकच ओळ होती, वजाबाकीची. कोणीतरी मध्ये पीप आणून बसवली आणि वजाबाकी बाहेर पडली. काट्याची पहिली फाईल आहे ती, साहेबांनी स्वतः लिहिलेली, माझ्या आधीची. तिला महिरपी नाहीतच."

"मग साहेबांना तसं सांगा ना!"

चिकटपट्टीचा आवाज थांबला.

"काय सांगू? पीप घातली कोणी म्हणून पाहायला गेलो, तर कोणी काय बदललं त्याच्या नोंदीत त्या ओळीपुढे माझंच नाव. आणि मला घातल्याचं आठवत नाही, पोरी." त्यांनी खोकं बाजूला सरकवल्याचं ऐकू आलं. "अजिबात आठवत नाही. चुकीचं मला काही वाटत नाही गं, चुका आयुष्यभर केल्या. पण जे केलं ते मला आठवत नसेल, तर मी बाळांच्या काट्याला हात लावू नये."

३

बबडी उठली, दूध प्यायली, सांडलं, पुसून झालं. भिंगच्या डोक्यात मास्तरांचा आवाज घोळत राहिला. मास्तरांनी कोणालाच काही विचारलं नव्हतं. 'पीप कोणी घातली?' असं चारचौघांत विचारावं आणि कोणी म्हणावं, 'तुम्हीच की, परवाच!' तर? त्या उत्तराच्या भीतीनं त्यांनी गुन्हा अंगावर घेतला होता.

आणि एक गोष्ट भिंगच्या गळ्याखाली उतरत नव्हती. मास्तर एकट्या ओळीलाही महिरप घालायचे. ती कंटाळायची, म्हणायची, "एका ओळीला काय करायचाय एवढा थाट?" त्यावर ते म्हणायचे, "आज एकटी आहे, उद्या तिच्या शेजारी कोणी राहायला आलं तर?" असा माणूस दुसरी ओळ घालील आणि महिरप विसरेल?

पण सवय म्हणजे काही पुरावा नव्हे. वय झालं की सवयी सुटतात, असं मालक म्हणणारच.

बबडीला खेळायला कपड्यांच्या चिमट्यांचा ढीग देऊन तिनं ऑफिसात फोन केला. तिच्या जुन्या टेबलावर आता एक नवी मुलगी बसत होती. तिला सगळे नवी म्हणत, येऊन वर्ष होत आलं होतं तरी.

"ताई, तुम्हीच का त्या भिंग?" नवी एकदम उत्साहात आली. "तुमचे किस्से रोज ऐकते मी."

"ते राहू दे. इस्त्रीनं ओळ हलली म्हणून बिघाड झाला, हे साहेबांना कोणी सांगितलं?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मीच," नवी बारीक आवाजात म्हणाली. "म्हणजे साहेबांनी दोन्ही फोटो दाखवून विचारलं, यानं फरक पडतो का. मी म्हटलं, पडतो की. मी शिकले ती भाषा पायथन. तिथे पायरी चुकली की अर्थच बदलतो. सीमध्ये तसं नसतं, हे मला... ताई, माझ्यामुळे मास्तर चाललेत का?"

"अजून कोणी कुठे चाललेलं नाही. पीपची ओळ तू घातलीस?"

"शप्पथ नाही! मी तर त्या फाईलला घाबरतेच. आणि ताई, खरं सांगू? आमच्याकडे सगळ्यांचं एकच सामायिक फोल्डर आहे. कोणीही फाईल उघडतो, बदलतो, ठेवून देतो. नोंद करायची बऱ्याचदा राहूनच जाते. मग जो पुढे नोंद करील, त्याच्या नावावर सगळं."

भिंग ताठ बसली. म्हणजे मास्तरांनी इस्त्री फिरवून नोंद केली, तेव्हा दुसऱ्याची ओळ त्यांच्या नावावर चढलेली असू शकते. असू शकते. पण दुसरा कोण?

"ती इस्त्रीआधीची प्रत मला पाठव," ती म्हणाली.

फाईल आली. भिंगनं लॅपटॉपवर उघडली आणि नाक स्क्रीनला टेकेल इतकी पुढे वाकली. मग फोन उचलून मालकांचा फोटो पाहिला. पुन्हा स्क्रीन. पुन्हा फोटो.

फाईल एकच होती, अक्षर न् अक्षर तेच. पण फोटोत पीपची ओळ वजाबाकीच्या बरोबर डोक्यावर, ओळंब्यात असल्यासारखी सरळ होती. आणि तिच्या लॅपटॉपवर तीच ओळ रांग सोडून भलतीकडे, उजवीकडे निघून गेली होती.

४

सकाळी नवऱ्यानं "सुट्टी घेऊ का?" विचारलं, पण बबडीनं तोवर स्वतःच्या चपला घातल्या होत्या, उलट्या. त्यामुळे तिघी निघाल्या: भिंग, बबडी आणि पिशवीत दुपट्यात गुंडाळलेली बाहुली.

ऑफिस होतं तसंच होतं. लांब खोली, खिडकीशी कुंड्या, भिंतीला टेकवलेले काट्यांचे सांगाडे. मास्तरांच्या टेबलावर खोकं उघडं होतं. त्यात उशी आणि दिवा भरून झाला होता.

"ही का ती चिमणी?" मास्तर गुडघ्यावर हात ठेवून वाकले. "ओळखतेस का मला?"

"तुम्ही मास्तरआजोबा," बबडी म्हणाली. "आईचे सर. तुम्ही कुठे चाललात?"

"घरी."

"आत्ताच तर आलात!"

मास्तर हसले, पण डोळ्यांपर्यंत काही ते हसू पोचलं नाही. "काल गेलो होतो प्रसूतिगृहात. त्या बाळाच्या आईची माफी मागून आलो," ते भिंगला हळूच म्हणाले. "बिचारी म्हणाली, असू द्या आजोबा. अजून वाईट वाटलं."

"मास्तर, तुमचा कॉम्प्युटर अजून चालू आहे ना? ती जुनी प्रत उघडा बरं."

मास्तरांच्या स्क्रीनवरची अक्षरं बोराएवढी होती. दिसत नाही म्हणून त्यांनी ती वाढवून घेतली होती, आणि अक्षरं मोठी झाल्यावर जागा पुरेना, म्हणून टॅबची पायरी आखूड केली होती, दोन अक्षरांएवढी. टॅबची कळ एकदा दाबली की ओळ एक पायरी आत जाते, आणि ती पायरी केवढी दिसावी हे ज्याच्या त्याच्या स्क्रीनवर ठरतं; रिकामी जागा मात्र सगळीकडे एका अक्षराएवढीच. तिथे पीपची ओळ तिच्या लॅपटॉपपेक्षाही लांब गेली होती. बाकीच्या ओळी डावीकडे गुण्यागोविंदानं बसलेल्या आणि ही एकटी पार पलीकडच्या काठाला.

"नवी, तुझ्याकडे टॅबची पायरी केवढी?"

"चार. आले तेव्हापासून तेवढीच आहे, मी काही बदललं नाही."

नवीच्या स्क्रीनवरही ओळ वाकडीच दिसली. भिंगनं बोटानं मोजलं. बाकीच्या ओळींच्या आधी दोन टॅब होते. पीपच्या आधी टॅब नव्हता, एकही नाही. होत्या त्या नुसत्या रिकाम्या जागा, एकेक करून मारलेल्या. सोळा.

"चाचणीखोली उघडी आहे का?"

तपासनीसबाई कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावूनच उभ्या होत्या. तयार झालेला प्रत्येक काटा त्यांच्या हाताखालून जायचा, म्हणजे जायला हवा होता. "ये गं भिंग, किती वर्षांनी! आणि ऐक, मला काही विचारू नकोस. तो प्रकार झाला तेव्हा मी रजेवर होते, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मी असते तर एकही काटा असा बाहेर गेला नसता. वजनं ठेवून दुपट्यासकट आणि दुपट्याविना, दोन्ही बघते मी."

"तुमच्या मागे खोलीची किल्ली कोणाकडे होती?"

"साहेबांकडे. माझ्याशिवाय ती त्यांच्याकडेच असते."

"आणि मास्तर येतात कधी इथे बसायला?"

"छे! या स्क्रीनवरच्या मुंग्या त्यांना कुठून दिसायला? दारातूनच ओरडून विचारतात."

खोलीतला कॉम्प्युटर कंपनीच्या पहिल्या दिवसांतला होता. भिंगनं जुनी प्रत उघडली. पीपची ओळ वजाबाकीच्या डोक्यावर चपखल बसलेली. अगदी फोटोतल्यासारखी. तिनं नवी ओळ सुरू केली आणि टॅबची कळ दाबली. काहीच झालं नाही. पुन्हा दाबली.

"ती कळ रुसलीय कधीची," तपासनीसबाई म्हणाल्या. "मला ती लागत नाही, म्हणून मी काही दुरुस्त करून घेतली नाही."

भिंगनं मागे वळून पाहिलं. बबडी फळीवर ठेवलेल्या नव्या काट्याचं बटण दाबत होती. पीप. पुन्हा दाबलं. पीप.

"बबडी, हात नको लावू," ती म्हणाली आणि तिथेच थबकली. तिच्या काळातला काटा मुका होता. ही पीप हवी होती कोणाला?

५

त्याचं उत्तर ऑफिसात नव्हतंच. तिनं प्रसूतिगृहात फोन लावला.

सिस्टरचा आवाज दमलेला पण खणखणीत होता. "काट्याचं ना? तुमचे एक आजोबा काल येऊन गेले. इतके कळवळून बोलत होते की मलाच त्यांना पाणी द्यावं लागलं."

"सिस्टर, एकच विचारते. दुपट्याचं बटण दाबलं की नवा काटा पीप करतो. ते तुम्हाला कसं वाटतं?"

"ते? ते फार चांगलं केलंत हो! मीच सांगितलं होतं तसं. बटण दाबलं की नाही, कळायचंच नाही आम्हाला. एका हातात बाळ, दुसऱ्या हातात दुपटं, दिव्याकडे बघणार कोण? म्हटलं, जरा आवाज तरी द्या."

"हे तुम्ही कोणाला सांगितलं होतं?"

पलीकडे कुठलंसं बाळ रडायला लागलं. सिस्टर त्याला चुचकारत राहिल्या, आणि भिंग फोन कानाला घट्ट दाबून उभी राहिली.

"हां, काय म्हणत होते? अहो, तुमच्या मालकांना! ते स्वतः आले होते आमची गरज विचारायला. म्हणाले, सिस्टर, एवढंच ना? माझ्या हातचं काम आहे. आजच करतो."

६

"सगळ्यांना चाचणीखोलीत कशाला जमवलंयस?" मालक दारातूनच म्हणाले. "इस्त्री उलटी झाली का?"

"केली, साहेब. इस्त्रीआधीची प्रत जशीच्या तशी या काट्यात भरलीय. तुम्ही म्हणता ती ओळ आता जागेवर आहे. बघू या?"

मास्तर दाराशी उभे होते, खुर्ची देऊनही न बसता. भिंगनं पिशवीतून बाहुली काढली, तिचं दुपटं सोडलं, घडी करून काट्यावर ठेवलं आणि बटण दाबलं. पीप. मग दुपटं उचललं, बटण बंद केलं आणि बाहुली उघडीच ठेवली.

काट्यावर आकडा आला. त्याच्या आधी एक आडवी रेघ होती.

"शून्याच्या खाली?" नवी म्हणाली.

"बाहुली दुपट्यापेक्षा हलकी आहे," भिंग म्हणाली. "काट्यानं नसलेलं दुपटं तिच्यातून वजा केलं. म्हणजे इस्त्री फिरायच्या आधीसुद्धा हा काटा खोटंच बोलत होता. ओळ सरळ दिसत होती तरी."

मालकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "असं कसं? माझी फाईल आहे ती. वर्षानुवर्षं बरोबर चालली."

"हो, कारण वर्षानुवर्षं 'जर'च्या खाली एकच ओळ होती. आता बघा." तिनं पीपची ओळ काढली, काट्यात पुन्हा भरलं, सगळं तसंच केलं. बाहुलीचं वजन नीट आलं. मग तिनं पीप परत घातली, पण दोन्ही ओळींभोवती महिरप टाकून. बटण दाबल्यावर पीप वाजली, आणि बंद केल्यावर उघड्या बाहुलीचं वजन पुन्हा नीट आलं. "एवढंच होतं. महिरप नसताना मध्ये एक पीप येऊन बसली."

"मग मास्तरांनी ती घालताना—"

"मास्तरांनी घातली नाही."

दाराशी मास्तरांनी मान वर केली.

"नोंद त्यांच्या नावाची आहे," मालक म्हणाले, पण त्यांचा आवाज मघासारखा नव्हता.

"त्यांनी इस्त्री केली आणि नोंद केली. ओळ त्याआधीपासून तिथे होती, नोंदीविना. तिच्यापुढे सोळा रिकाम्या जागा आहेत, एकेक करून टाइप केलेल्या. सोळा कशाला? ज्यानं घातली त्याला ती खालच्या ओळीच्या रांगेत बसवायची होती. नीटनेटका माणूस आहे. मास्तरांच्या स्क्रीनवर चार जागांत ती रांगेत आली असती. नवीच्या स्क्रीनवर आठ. सोळा जागा मारल्यावर ती सरळ दिसते ती याच खोलीत, याच स्क्रीनवर, कारण इथे टॅबची एक पायरी आठ अक्षरांची आहे आणि ओळ दुसऱ्या पायरीवर आहे. आणि टॅब न मारता जागा मोजत बसायचं कारण म्हणजे इथली टॅबची कळ चालत नाही. तपासनीसबाई रजेवर होत्या. मास्तरांना इथलं अक्षर दिसत नाही. नवीच्या हाती किल्ली नव्हती."

  मालक काट्याकडे बघत होते, त्या बटणाकडे, जणू ते आत्ताच पहिल्यांदा दिसलं होतं.

"पीप," ते हळू म्हणाले. "सिस्टर म्हणाल्या म्हणून... अगं, एक पीप होती ती! मला वाटलं, किती वर्षांनी आपण स्वतः काहीतरी... पीपनं वजन बदलेल असं स्वप्नात तरी येईल का? मी ते कोणाला सांगितलंसुद्धा नाही. सांगण्यासारखं वाटलंच नाही." ते मास्तरांकडे वळले. "आणि तुम्ही, तुम्ही मला विचारलं का नाही? एकदा तरी विचारायचं, मास्तर!"

"तुम्ही तरी मला कुठे विचारलंत?" मास्तर शांतपणे म्हणाले.

मालकांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "मी जातो त्या बाईंना भेटायला. आत्ताच. तुम्ही कृपा करून ते खोकं उघडा." दारात ते पुन्हा थांबले. "भिंग, तू येतेयस ना? त्यांच्या जागी नव्हे. त्यांच्या शेजारी."

"आधी या फोल्डरला शिस्त लावू," भिंग म्हणाली, "मग माझं बघू. आणि साहेब, त्या टॅबच्या कळीचंही बघा."

तपासनीसबाई फिस्सकन हसल्या. मालक गेल्यावर मास्तर पुढे आले, त्या मुंगीएवढ्या अक्षरांपाशी अगदी डोळे नेऊन वाकले, आणि बोटाच्या टोकानं एकेक रिकामी जागा मोजत गेले. शेवटच्या जागेशी बोट थांबलं.

"मी पाहिली होती ती ओळ," ते म्हणाले. "माझ्या टेबलावर ती पार काठाला जाऊन उभी होती. सदऱ्याचा धागा सुटावा तशी. म्हणून तर इस्त्री फिरवली गं मी त्या दिवशी! नुसती पाहिली. वाचली नाही." मग त्यांनी चष्मा काढला आणि रुमाल शोधायला खिसे चाचपत म्हणाले, "म्हणजे मला आठवत नव्हतं, कारण ते घडलंच नव्हतं."

"घडलंच नव्हतं, मास्तर."

"हं," ते म्हणाले. रुमाल खोक्यात भरलेला निघाला, उशीच्या खाली. तो काढायला त्यांना उशी बाहेर काढावी लागली, आणि उशीच्या आधी दिवा. मग ते सगळं टेबलावरच राहिलं.

७

घरी जाताना बबडी दमली होती, पण उचलून घे म्हणत नव्हती. बाहुलीला दुपट्यात गुंडाळून तिनंच खांद्यावर घेतलं होतं, आणि रस्त्यात दिसेल त्याला सांगत होती, "हिचं वजन बरोबर आहे."

भिंगला हलकं वाटत होतं. ऊन उतरलं होतं, दुकानदार दारं अर्धी ओढून घेत होते. वाटेत ती मनातल्या मनात दिवसाची घडी घालत होती. सकाळचे तीन तास नवरा, मग पाळणाघर, मग मास्तरांच्या शेजारची खुर्ची. जमेल. ओढाताण होईल, पण जमेल.

"आई."

"काय गं?"

"मास्तरआजोबांनी काहीच नव्हतं केलं ना?"

"नव्हतं केलं."

"पीप त्या दुसऱ्या काकांनी घातली."

"हो. चुकून."

बबडी खांद्यावरची बाहुली सावरत चालत राहिली. तिच्या चपला आता सरळ होत्या. कोणी केल्या, भिंगला आठवेना. तपासनीसबाईंनी असतील, किंवा नवीनं. किंवा तिनं स्वतःच.

"मग," बबडी थांबली आणि मान वर करून आईकडे बघत म्हणाली, "त्यांनी काहीच केलं नव्हतं, तर ते त्या बाळाच्या आईला सॉरी का म्हणून आले?"

"कोणीतरी म्हणायला हवं होतं ना," भिंग म्हणाली. मग ती खाली वाकली आणि बाहुलीचं सुटलेलं दुपटं पुन्हा नीट गुंडाळायला लागली.